मुंबईला हरवल्यावर

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी, रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्याच्या पाचव्या दिवशी, नागपूरजवळच्या जामठा मैदानावर विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले. विदर्भाच्या धावा ३८३ आणि २९२, मुंबईच्या २७० आणि ३२५. त्यानंतर नऊच दिवसांत, २ मार्चला, विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडकही जिंकला. तरीही विदर्भात त्या हंगामाची आठवण निघते, तेव्हा बोलणे आधी उपांत्य सामन्यावर जाते. करंडक या संघाने पूर्वी दोनदा घरी आणला होता. बाद फेरीत मुंबईला हरवणे ही त्याहून वेगळी गोष्ट होती, आणि ती अकरा महिने मनात धरून ठेवलेली होती.

दोन संघांच्या अशा चुरशीचे मर्म राजधानीच्या शहरांपेक्षा सीमेवरच्या गावांत अधिक स्पष्ट दिसते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे हे तसे गाव आहे. पश्चिमेला जवळच खानदेशाची, म्हणजे जळगाव जिल्ह्याची हद्द. रेल्वे गाठायची तर मलकापूर. तिथल्या फलाटावर उभे राहिले, की एका बाजूची गाडी नागपूरला जाते, दुसऱ्या बाजूची मुंबईला. नागपूर साधारण साडेतीनशे किलोमीटर, मुंबई पाचशेच्या आतबाहेर. विदर्भ एक्स्प्रेस दोन्ही दिशांना थांबते. कामासाठी मुंबई–ठाण्याकडे गेलेली माणसे या भागातल्या पुष्कळ घरांत असतात, आणि शिक्षणासाठी अकोला, अमरावती, नागपूर गाठलेलीही असतात. एकाच घरात दोन संघ नांदणे इथे नवलाचे नाही.

त्यात क्रिकेटने एक आणखी गुंता घातलेला आहे. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजी करंडकात त्याचे तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भाचे अकरा जिल्हे विदर्भ क्रिकेट संघटनेकडे, मुंबई आणि तिची उपनगरे मुंबईकडे, उरलेला मुलूख पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे. म्हणजे धामणगाव बढ्याचा मुलगा चांगला खेळू लागला, तर त्याची वाट बुलढाण्याहून नागपूरला जाते. हद्द ओलांडून काही किलोमीटर पश्चिमेला जन्मलेल्या मुलाची वाट जळगावहून पुण्याला जाते. दोघांची बोली जवळपास सारखी, शिवारात कपाशी आणि मका तोच, बाजारही बहुधा एकच. टोपीवरचे बोधचिन्ह मात्र वेगळे. विदर्भाचा चाहता असणे म्हणजे काय, हा प्रश्न नागपुरातल्या माणसाला पडत नाही. या पट्ट्यातल्या माणसाला तो पडतो, आणि त्याला दरवेळी नव्याने उत्तर द्यावे लागते.

या विभागणीचे मूळ जुने आहे. अकोला, अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा हे वऱ्हाडाचे चार जिल्हे इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताला जोडले गेले, आणि १९३४ साली रणजी करंडक सुरू झाला तेव्हा ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ त्यात होता. १९५३च्या नागपूर करारानंतर आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठी वऱ्हाड–नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. क्रिकेटमध्ये मात्र विदर्भाने आपले घर वेगळेच राखले. १९५७-५८च्या हंगामात विदर्भ या नावाने संघ रणजीत उतरला. त्याच्या पुढच्याच हंगामापासून, १९५८-५९ ते १९७२-७३, मुंबईने सलग पंधरा वेळा करंडक जिंकला. एक संघ पाळण्यात होता, तेव्हा दुसरा सिंहासनावर बसला होता.

पण या दोघांत तेव्हा वैर नव्हते, कारण भेटच नव्हती. रणजी स्पर्धा २००२पर्यंत विभागवार खेळली जाई. मुंबई पश्चिम विभागात, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र आणि महाराष्ट्र यांच्याबरोबर. विदर्भ मध्य विभागात, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे यांच्या संगतीत. राज्य एक, मंत्रालय एक, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात. पण साखळीत मुंबई–विदर्भ सामना नाही. मुंबईशी गाठ पडायची तर आधी आपल्या विभागातून वर यावे लागे, आणि विदर्भाला ते क्वचितच साधे. वऱ्हाडातल्या वाचकाला मुंबईचे क्रिकेट वर्तमानपत्रात मोठ्या मथळ्यात दिसे आणि विदर्भाची धावसंख्या कोपऱ्यात, बारीक टाइपात. रेडिओवर गावसकर, वेंगसरकर, पुढे तेंडुलकर. या नावांवर इथल्या लोकांनी मनापासून प्रेम केले. ती ‘मुंबईची’ माणसे आहेत, असे कुणाला वाटत नव्हते. ती भारताची होती आणि मराठी होती.

नागपूरला क्रिकेटची परंपरा नव्हती असे मात्र नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले आणि हिस्लॉप महाविद्यालयात शिकले. १९२६ साली पाहुण्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदूंच्या संघाकडून त्यांनी १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार होते. ही खेळी त्यांनी मुंबईत केली, जिमखान्याच्या मैदानावर. पुढे ते होळकरांच्या इंदुरात स्थिरावले. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर १९६९ साली कसोटी झाली. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने हॅट्‌ट्रिक घेतली आणि सुनील गावसकर यांनी एकदिवसीय कारकिर्दीतले एकमेव शतक काढले, तेही तिथेच. मोठे क्रिकेट नागपुरात येई, पण पाहुण्यासारखे. यजमानाच्या स्वतःच्या संघाला त्यात जागा नव्हती. विदर्भाच्या मनातली खरी सल ही होती. अनुशेषाच्या चर्चेत पाणी, वीज आणि रस्ते येतात. क्रिकेटमधला अनुशेष कुणी मोजला नाही, पण वऱ्हाडातल्या प्रत्येक खेळणाऱ्या पोराला तो ठाऊक होता.

मुंबईच्या क्रिकेटला मुंबईकरांनीच दिलेला एक शब्द आहे: खडूस. बाहेरच्याला तो दूषण वाटेल. मुंबईच्या मैदानांवर तो गौरव आहे. विकेट फेकायची नाही, शतक झाले तरी समाधान मानायचे नाही, समोरचा संघ वाकला की आणखी वाकवायचा, आणि हरायची वेळ आली तरी शेवटच्या चेंडूपर्यंत त्याला जिंकू द्यायचे नाही. आझाद मैदान, शिवाजी पार्क, कांगा लीगचे पावसाळी चिखल आणि शाळकरी हॅरिस ढालीचे सामने यांतून हा स्वभाव घडला. विदर्भात गुणाची वाण नव्हती, या स्वभावाची होती. चांगला खेळून हरणारा संघ, अशी त्याची ओळख बनली होती, आणि ही ओळख फार वर्षे टिकली की अंगवळणी पडते.

बदल आला तो मुंबईच्याच माणसांकरवी. हा या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि विजयाच्या भरात तोच विसरला जातो. मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी जिंकलेला वसीम जाफर २०१५-१६च्या हंगामात विदर्भाकडे आला. मुंबईचा माजी यष्टिरक्षक, भारताकडून कसोटी खेळलेला आणि मुंबईला प्रशिक्षक म्हणून करंडक मिळवून दिलेला चंद्रकांत पंडित २०१७ साली विदर्भाचा प्रशिक्षक झाला. शिस्तीबाबत पंडितांचा दरारा प्रसिद्ध आहे. वेळ, पेहराव, सराव, मैदानातली देहबोली, सगळ्यांवर नजर. त्यांनी विदर्भाच्या मुलांना फलंदाजी नव्याने शिकवली नाही. त्यांनी खडूसपणा शिकवला. नागपूरच्या निवासी अकादमीत काही वर्षे घडत असलेली पिढी त्याच वेळी वयात आली होती. दोन्ही गोष्टी जुळल्या.

फळ पहिल्याच हंगामात मिळाले. डिसेंबर २०१७मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात विदर्भ ५ धावांनी जिंकला. रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या मध्यमगती गोलंदाजाने दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले. पाच धावांनी सामना काढणारा संघ हा जुना विदर्भ नव्हता. इंदूरच्या होळकर मैदानावर अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची, १९७२-७३ सालची. हॅट्‌ट्रिकचा तिसरा बळी १४५ धावांवर खेळणारा ध्रुव शोरी होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येते. अक्षय वाडकरने १३३ धावा करून पहिले प्रथम श्रेणी शतक नोंदवले. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने त्याच सामन्यात रणजी पदार्पण केले. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने ९ गडी राखून पहिला करंडक जिंकला, आणि विजयी धाव जाफरच्या बॅटमधून आली.

पुढच्या हंगामात नागपुरातच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्यालाच बाद झाला, धावा १ आणि ०. त्याच हंगामात, डिसेंबर २०१८मध्ये, साखळी सामन्यात विदर्भाने मुंबईला एक डाव आणि १४५ धावांनी हरवले होते. जाफरने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध १७८ धावा केल्या. आकड्यांनी पाहिले तर मुंबईविरुद्धचा हा विजय २०२५पेक्षा कितीतरी मोठा. तरी तो सणासारखा साजरा झाला नाही. साखळीतला सामना होता, मुंबई त्या हंगामात चाचपडत होती, आणि हरणाऱ्या संघालाही त्याचे फारसे काही वाटले नसावे. समोरच्याला बोचल्याशिवाय चुरस जन्मत नाही.

ती जन्मली १४ मार्च २०२४ रोजी, वानखेडे मैदानावर, विदर्भाच्या पराभवात.

त्या अंतिम सामन्याचे पहिले दोन दिवस विदर्भासाठी जुन्या दुःस्वप्नासारखे गेले. मुंबईला २२४ धावांत गुंडाळल्यावर विदर्भ स्वतः १०५ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात मुंबईने ४१८ धावा उभारल्या. १९ वर्षांच्या मुशीर खानने १३६ धावा करून, रणजीच्या अंतिम सामन्यात शतक करणारा सर्वांत तरुण मुंबईकर हा सचिन तेंडुलकरचा मान आपल्याकडे घेतला. डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबेने १४४ धावांत ५ बळी घेतले, तरी लक्ष्य ५३८ धावांचे झाले. इतक्या धावा चौथ्या डावात कुणी करत नाही. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने सामना तिथेच संपला होता.

पाचव्या सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळायला आले, तेव्हा पाच गडी बाद झाले होते. उपाहारापर्यंत दोघांनी एकही बळी दिला नाही. धवल कुलकर्णी, शार्दूल ठाकूर, तुषार देशपांडे, तनुष कोटियन, शम्स मुलाणी असे सगळे येऊन गेले. वाडकरने शतक पूर्ण केले. भागीदारी १३० धावांची झाली. वानखेडेवर, मुंबईच्या अंगणात, मुंबईविरुद्ध विदर्भाचे दोन गडी मुंबईसारखे खेळत होते. मग कोटियनने वाडकरला १०२ धावांवर पायचीत केले, आणि शेवटचे पाच गडी १५ धावांत गेले. विदर्भ ३६८. मुंबई १६९ धावांनी विजयी, आठ वर्षांनी करंडक, एकूण ४२वा. शेवटचा बळी धवल कुलकर्णीने घेतला, आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या सामन्यात.

त्या सकाळच्या सत्राने चाहत्याला जे दिले ते २०१८च्या करंडकानेही दिले नव्हते. करंडक जिंकणे म्हणजे सर्वांत वर असणे. पण मुंबईला दुसऱ्या सत्रापर्यंत घाम फोडणे म्हणजे मुंबईने आपल्याला मोजणे. लहान संघाने कितीही आरोळ्या ठोकल्या तरी चुरस एकतर्फी राहते. मोठ्या संघाला आपली भीती वाटली, की ती दोन्ही बाजूंची होते. मुंबईच्या खेळाडूंनी शेवटच्या बळीनंतर ज्या उत्कटतेने जल्लोष केला, तो पाहून विदर्भातल्या अनेकांना पराभवातही एक विचित्र समाधान मिळाले. आपल्याला हरवल्याचा आनंद त्यांना इतका झाला!

जगात इतरत्रही चुरशी अशाच जुन्या सीमांवर उभ्या आहेत. अमेरिकेत ओहायो आणि मिशिगन या राज्यांच्या विद्यापीठांतला फुटबॉलचा वार्षिक सामना तिथल्या माणसांचे वर्ष दोन भागांत तोडतो. त्यामागे १८३५ साली टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून झालेला दोन राज्यांचा सीमावादही सांगितला जातो. हार्वर्ड आणि येल यांचा सामना १८७५पासूनचा. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल संघ भिडतात, तेव्हा पेठा पेठांसमोर उभ्या राहतात. ‘ईर्षा’ हा शब्द त्या शहरात कौतुकाने वापरला जातो. या सगळ्यांना एक सोय आहे: सामना दर वर्षी होतो. आज हरलो तर पुढच्या वर्षी. रणजीत तशी हमी नाही. गट बदलतात, बाद फेरीतली जोडी नशिबाने ठरते. मुंबई–विदर्भ हा सामना कधी पडेल, पडेल की नाही, कुणालाच माहीत नसते. म्हणून वानखेडेचा हिशोब चुकता करायची संधी अकरा महिन्यांत आणि तीही घरच्या मैदानावर आली, याचे मोल मोठे होते.

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. वऱ्हाडात हे दिवस हरभरा काढणीचे, कापसाच्या शेवटच्या वेच्याचे. गावागावांत बारावीची परीक्षा सुरू झालेली. पूर्वी अशा वेळी रणजीची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मिळे. आता सामना मोबाइलवर थेट दिसतो, त्यामुळे शेताच्या बांधावर, दुकानाच्या गल्ल्यावर, एसटीच्या खिडकीशी तो चालू राहू शकतो. साडेतीनशे किलोमीटरवरचे मैदान हाताच्या तळव्यात येते. रणजीच्या चाहत्याचे आयुष्य या एका गोष्टीने जितके बदलले तितके दुसऱ्या कशाने बदलले नसेल.

पहिल्या डावात विदर्भाकडून दानिश मालेवारने ७९ आणि यश राठोडने ५४ धावा केल्या. ७४ धावा ध्रुव शोरीच्या. इंदुरात गुरबानीने ज्याच्या यष्ट्या उडवून हॅट्‌ट्रिक पूर्ण केली होती, तोच शोरी आता विदर्भाकडून मुंबईला रोखत होता. अकोल्याचा अथर्व तायडे, म्हणजे या संघातला बुलढाण्याला सर्वांत जवळचा सलामीवीर, लवकर बाद झाला. मुंबईकडून शिवम दुबेने ४९ धावांत ५ बळी घेतले. ३८३ ही धावसंख्या चांगली होती, निर्धास्त करणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पार्थ रेखडेच्या एका षटकाने सामना फिरवला. भारतीय क्रिकेटमध्ये नाव जेमतेम ऐकू येऊ लागलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना तंबूत पाठवले. शेवटच्या दोघांना भोपळाही फोडता आला नाही. भारतीय संघाचे तीन खेळाडू, त्यांपैकी एक टी-ट्वेन्टीचा कर्णधार. मोबाइलवर सामना बघणाऱ्यांनी ते षटक पुन्हा पुन्हा पाहिले असणार. मुंबईचा सलामीवीर आकाश आनंद मात्र जागचा हलला नाही. त्याच्या १०६ धावांनी मुंबईला २७०पर्यंत नेले. तिसरा दिवस शिवजयंतीचा होता. विदर्भाकडे ११३ धावांची आघाडी होती, आणि दुसऱ्या डावात आघाडीचे चार गडी झटपट गेले.

इथे चाहत्याच्या मनात जुना विदर्भ जागा होतो. दोन करंडक, दोन इराणी चषक, सगळे विसरून ‘आता ढासळणार’ हीच भीती वर येते. ही भीती बावळटपणाची नाही. साठ वर्षांच्या अनुभवाची आहे. यश राठोड आणि अक्षय वाडकर यांनी पाचव्या गड्यासाठी दीडशेहून अधिक धावांची भागीदारी करून ती मोडली. वानखेडेवर शेवटच्या सकाळी लढलेला कर्णधार पुन्हा खेळपट्टीवर होता. या वेळी ५२ धावा करून त्याने डाव सावरला. राठोडने १५१ धावा केल्या. मुलाणीने ८५ धावांत ६ बळी घेतले तरी विदर्भ २९२पर्यंत पोचला. लक्ष्य ४०६.

२१ फेब्रुवारीला राज्यात दहावीची परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर प्रथम भाषेचा. पेपर देऊन बाहेर पडणाऱ्या पोरांना आणि शाळेच्या फाटकाबाहेर थांबलेल्या पालकांना धावफलक बघायला हातात फोन होता. मुंबईने शेवटपर्यंत सोडले नाही. मुलाणी आणि शार्दूल ठाकूर यांनी सातव्या गड्यासाठी शंभरी भागीदारी केली, ठाकूरने ६६ काढल्या, आणि सगळे संपल्यासारखे दिसत असताना शेवटच्या जोडीनेही विजय लांबवला. हाच तो खडूसपणा. विदर्भाच्या चाहत्याने त्या तासाभरात त्याला शिव्या घातल्या असतील आणि मनातून मानलेही असेल. अखेर हर्ष दुबेने पाचवा बळी घेतला आणि मुंबई ३२५वर थांबली. वानखेडेवर हरणाऱ्या भागीदारीत ६५ धावा करणारा तोच मुलगा.

विजयानंतरचा आनंद कसा असतो, याचे नेमके वर्णन अवघड आहे, पण त्याचे घटक वेगळे करता येतात. पहिला सुटकेचा: इतके दिवस धरलेला श्वास सुटतो. दुसरा आनंद भाषेतून दिसतो. ‘विदर्भ जिंकला’ हे वाक्य त्या दिवशी ‘आपली पोरं जिंकली’ असे होते, आणि ज्याने नागपूर आयुष्यात चारदाच पाहिले आहे, असा मोताळा तालुक्यातला माणूसही ते निःसंकोच म्हणतो. खानदेशाच्या हद्दीवर राहणाऱ्याला आपण विदर्भाचे आहोत याची खूण राजकारणात क्वचितच आनंदाने मिळते. ती बहुधा तक्रारीतून मिळते: सिंचन, कापसाचा भाव, शेतकरी आत्महत्या, अनुशेष. त्या दिवशी ती तक्रारीवाचून मिळाली. या गोष्टीला महत्त्व द्यायला हवे. एका प्रदेशाने स्वतःकडे केवळ उपेक्षित म्हणून पाहू नये, यासाठी अशा विजयांची गरज असते.

तिसरा घटक ऋणाचा आहे. ज्या स्वभावाने मुंबईला हरवले तो मुंबईतून आला. जाफरने नागपुरातल्या मुलांना शिकवले, पंडितांनी त्यांना घडवले. मग पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२च्या अंतिम सामन्यात बंगळुरूत त्यांच्या संघानेही मुंबईला ६ गडी राखून नमवले. मुंबईने आपली विद्या अशी बाहेर दिली आणि तिच्याच हातून पराभव पत्करला. गुरुघराला हरवणाऱ्या शिष्याने आधी गुरूचे नाव घ्यावे, ही या देशातली जुनी रीत आहे. विदर्भाच्या चाहत्याने मुंबईचा द्वेष करण्याचे कारण नाही. त्याने मुंबईला हरवण्याची इच्छा कायम ठेवावी, एवढेच.

अंतिम सामना २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी, जामठ्यालाच सुरू झाला. केरळ तिथे पोचला होता तो अहमदाबादेत गुजरातवर पहिल्या डावात फक्त दोन धावांची आघाडी मिळवून. त्या संघात आदित्य सरवटे होता: २०१९मध्ये ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक मिळवून देणारा, आता केरळकडून खेळणारा. त्याने जुन्या संघाविरुद्ध ७९ धावा केल्या. विदर्भाकडून मालेवारने १५३ आणि कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने ८६ धावा केल्या. पहिला डाव ३७९. केरळ ३४२, त्याचा कर्णधार सचिन बेबी ९८वर बाद झाला. सदतीस धावांची आघाडी, मग नायरच्या १३५, आणि सामना अनिर्णित. जिंकला तो विदर्भ, पण शेवटचा बळी नाही, शेवटची धाव नाही. लोकांच्या आठवणीत उपांत्य सामना पुढे का राहिला, याचे एक उत्तर यातही आहे. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामात इतके बळी कुणीच घेतले नव्हते. यश राठोडच्या ९६० धावा स्पर्धेत सर्वाधिक होत्या.

अंतिम सामन्याच्या अकरात अथर्व तायडे नव्हता. त्याच्या जागी सलामीला पार्थ रेखडे गेला. अकोल्याच्या तायडेने करंडक हाती घेतलेल्या आपल्या संघाला सीमेबाहेरून पाहिले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला जामठ्यावर इराणी चषकाचा सामना सुरू झाला, रणजी विजेता विदर्भ विरुद्ध शेष भारत. तायडेने पहिल्या डावात १४३ धावा केल्या. विदर्भ ९३ धावांनी जिंकला, आणि इराणी चषकाचे तीनही सामने जिंकण्याचा त्याचा लौकिक कायम राहिला. दसरा त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी होता.